व्हेनिस वगळलेला ऑथेल्लो

१७६५ साली डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी शेक्सपिअरच्या नाटकांची आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात ‘ऑथेल्लो’वर अभिप्राय देताना त्यांनी म्हटले होते की, हे नाटक थेट सायप्रस बेटावर सुरू झाले असते आणि आधीची हकिकत ओघात सांगितली गेली असती, तर त्याच्या बांधणीत खोट काढायला फारशी जागा उरली नसती. टीकाकाराची ही कल्पना १२२ वर्षांनी दोन इटालियन कलावंतांनी प्रत्यक्षात आणली. ५ फेब्रुवारी १८८७ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात जुझेप्पे व्हर्दी यांचा ‘ओतेल्लो’ हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. शेक्सपिअरच्या पहिल्या अंकातला एकही प्रवेश त्यात नव्हता. पडदा वर गेला तो सायप्रसच्या किनाऱ्यावर, ऐन वादळात.

अख्खा अंक गाळायचा आणि तरीही मूळ नाटकाशी इमान राखायचे, हे व्हर्दी आणि त्यांचे संहिताकार आरिगो बोइतो यांना साधले. गेली सव्वाशेहून अधिक वर्षे हा ऑपेरा शेक्सपिअरच्या शोकात्मिकेशेजारी बरोबरीच्या नात्याने उभा आहे. पण त्या गाळलेल्या अंकाबरोबर नाटकातले काय गेले आणि त्याच्या जागी काय आले, हे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट दिसते. ही दोन शोकात्मिकांची गोष्ट आहे. शेक्सपिअरने परक्या माणसाची शोकांतिका लिहिली, व्हर्दींनी प्रेमिकाची.

शेक्सपिअरला कथा मिळाली ती इटलीतूनच. जिराल्दी चिंथिओ या लेखकाच्या १५६५ साली छापलेल्या कथासंग्रहात एका मूर सेनानायकाची गोष्ट आहे. त्या गोष्टीत नाव आहे ते फक्त नायिकेला. बाकी सगळे नुसते ‘मूर’, ‘निशाणबरदार’, ‘कप्तान’. तिथला निशाणबरदार डेस्डिमोनावर भाळलेला असतो आणि ती दाद देत नाही म्हणून सूड घेतो. शेक्सपिअरने हे सरळ कारण काढून टाकले आणि आपल्या निशाणबरदाराला, इयागोला, इतकी कारणे दिली की त्यातले एकही पुरेसे वाटू नये. बढती आपल्याऐवजी कॅसिओला मिळाली हे एक, आपल्या बायकोबद्दलचा संशय हे दुसरे, आणि तो बोलत जातो तशी आणखीही निघत जातात. १ नोव्हेंबर १६०४ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात हे नाटक राजा जेम्ससमोर झाल्याची नोंद आहे. ऑथेल्लोचे काम रिचर्ड बर्बेज करीत असे. डेस्डिमोना अर्थातच एखादा मुलगा असणार, कारण इंग्लंडच्या धंदेवाईक रंगभूमीवर तेव्हा स्त्रिया नव्हत्या. १६६० साली त्या आल्या, तेव्हा पहिल्या अभिनेत्रीने उभी केलेली भूमिका डेस्डिमोनाचीच होती असे मानले जाते.

आता तो गाळलेला पहिला अंक. व्हेनिसमध्ये मध्यरात्री इयागो आणि त्याचा साथीदार रॉड्रिगो सिनेटर ब्रबान्शिओच्या खिडकीखाली उभे राहून आरडाओरडा करतात की, तुमची मुलगी त्या काळ्या माणसाबरोबर पळाली. त्यांची भाषा गलिच्छ आहे, जनावरांच्या उपमांनी भरलेली. ऑथेल्लो रंगमंचावर येण्याआधीच प्रेक्षकांच्या कानांवर त्याच्याविषयी हे सगळे पडलेले असते. मग तो येतो, शांत आणि भारदस्त. बाप सिनेटसमोर आरोप करतो की याने जादूटोणा करून माझ्या मुलीला वश केले. ऑथेल्लो उत्तर देतो ते आपली जीवनकथा सांगून. लढाया, गुलामगिरी, वाळवंटे, अनोळखी देश, हे सगळे ऐकता ऐकता ती माझ्या प्रेमात पडली, एवढीच काय ती जादू. मग डेस्डिमोना स्वतः येते. भर सभेत, बापाच्या तोंडावर, आपण कुणाला निवडले आणि का, हे ठामपणे सांगते. शेवटी बाप जाताना ऑथेल्लोला बजावतो की हिने मला फसवले, उद्या तुलाही फसवील.

हे वाक्य वायफळ नाही. तिसऱ्या अंकात इयागो नेमके तेच वाक्य बाहेर काढतो आणि ऑथेल्लोच्या काळजात रुतवतो. तिच्याच देशाची, तिच्याच वर्णाची स्थळे तिला सांगून आली होती, ती तिने नाकारली, हे निसर्गाला धरून आहे काय, असे विचारतो. ऑथेल्लो विश्वास ठेवतो तो या पूर्वपीठिकेमुळे. व्हेनिसला तुर्कांशी लढायला तो हवा आहे, जावई म्हणून मात्र नको आहे, हे तो जाणतो. सिनेटने त्याच्या बाजूने कौल दिला तो तुर्की आरमार निघाल्याची बातमी आली त्याच रात्री. सायप्रस तेव्हा खरोखरच व्हेनिसच्या ताब्यात होते, १४८९ पासून. आणि १५७०-७१ मध्ये तुर्कांनी ते जिंकले. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांना हा शेवट ठाऊक होता. ज्या बेटासाठी हा माणूस धाडला जातो, ते बेट पुढे हातचे जाणार आहे.

इटलीत ‘ऑथेल्लो’ची ओळख व्हर्दींच्या आधीच झालेली होती. ४ डिसेंबर १८१६ रोजी नेपल्समध्ये संगीतकार रॉसिनींचा ‘ओतेल्लो’ हा ऑपेरा झाला. त्याचे कथानक अथपासून इतिपर्यंत व्हेनिसमध्येच राहते. शेक्सपिअरमध्ये डेस्डिमोनाविरुद्ध खोटा पुरावा ठरणाऱ्या रुमालाच्या जागी इथे पत्र आहे आणि इयागोला फारसे काम नाही. १८२० मध्ये रोममध्ये तर शेवट बदलून नायक-नायिकेची समजूत घालून देण्यात आली. पण याच ऑपेराचा तिसरा अंक मात्र शेक्सपिअरच्या जवळ जातो. शयनगृहात डेस्डिमोना विलो वृक्षाचे गाणे गाते आणि बाहेर कालव्यावरून जाणारा नावाडी दान्तेच्या ओळी गात असतो. तो अंक इतका लोकप्रिय होता की व्हर्दींना बरीच वर्षे आपल्या ऑपेराचे नाव ‘इयागो’ ठेवावेसे वाटत होते, रॉसिनींशी बरोबरी नको म्हणून. १८८६ च्या सुरुवातीला त्यांनी निर्णय बदलला. मी ओतेल्लो लिहिण्याचा प्रयत्न केला आणि हरलो असे कुणी म्हटले तरी चालेल, पण शीर्षकामागे लपलो असे म्हणू नये, असा त्यांचा पवित्रा होता.

आणि हे व्हर्दी म्हणजे कोण? इटलीचे सर्वांत मोठे संगीतकार, वयाने सत्तरी ओलांडलेले, ‘आयडा’ (१८७१) आणि ‘रेक्विएम’ (१८७४) यांच्यानंतर काम थांबवून सान्त आगाता इथल्या आपल्या शेतीवाडीत रमलेले. शेक्सपिअरवर त्यांचा तरुणपणापासून जीव. ‘मॅकबेथ’ त्यांनी १८४७ मध्येच केला होता. ‘किंग लिअर’चा विचार अनेक वर्षे मनात घोळवून शेवटी सोडून दिला. इंग्रजी त्यांना येत नव्हते, त्यांचा शेक्सपिअर इटालियन भाषांतरांतला.

बोइतो मात्र त्यांच्या गोटातला नव्हे. १८६३ साली, विशी नुकतीच ओलांडलेल्या या कवीने एका मेजवानीत एक कविता म्हटली होती. इटालियन कलेची वेदी वेश्यागृहाच्या भिंतीसारखी माखलेली आहे, असा तिचा सूर होता. व्हर्दींनी तो घाव आपल्यावर घेतला आणि ते विसरले नाहीत. पुढे बोइतोचा स्वतःचा ‘मेफिस्तोफेले’ हा ऑपेरा १८६८ मध्ये ला स्कालात सपशेल पडला. १८७५ मध्ये बोलोन्यात सुधारलेल्या रूपात तो चालला. या दोघांना एकत्र आणायचा घाट घातला प्रकाशक जुलिओ रिकॉर्दी यांनी. १८७९ च्या उन्हाळ्यात मिलानमधल्या एका जेवणाच्या वेळी रिकॉर्दी आणि कंडक्टर फ्रांको फाच्चिओ यांनी बोलता बोलता ‘ऑथेल्लो’ आणि बोइतो ही दोन नावे काढली. व्हर्दींनी कान टवकारले. तीन दिवसांत बोइतोने आराखडा तयार करून दाखवला. व्हर्दींनी संहिता पूर्ण करून घेतली, विकतही घेतली, आणि काहीही कबूल न करता बाजूला ठेवून दिली. त्यांच्या आपापसांतल्या पत्रांत या कामाला ‘चॉकलेट’ म्हटलेले आढळते. नाताळला रिकॉर्दी व्हर्दींना केक पाठवत, त्यावर चॉकलेटचा मूर बसवून.

मध्ये एकदा सगळे मोडण्याची वेळ आली. १८८४ मध्ये नेपल्सच्या वृत्तपत्रात छापून आले की, हे संगीत आपल्याला करता आले नाही याची बोइतोला खंत वाटते. व्हर्दींनी लगेच, मनात काहीही नाही असे सांगून, संहिता परत देऊ केली. बोइतोने हात जोडून लिहिले की हे काम तुमचेच आहे. आणि मन वळवायला म्हणून इयागोसाठी एक नवे स्वगत रचून पाठवले. तेच ते पुढे गाजलेले ‘क्रेदो’. दुखावलेल्या दोन माणसांच्या समेटातून या ऑपेरातला सर्वांत धाडसी प्रवेश निघाला.

मराठी वाचकाने इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्या संगीत नाटकात गद्य चालते आणि मध्ये पद येते. पदात पात्र आपली भावना घोळवून घोळवून मांडते आणि मग पुन्हा बोलणे सुरू होते. या ऑपेरात बोलणे नाहीच. निरोप, चौकशी, भांडण, शिव्या, सगळे गाऊन. गाण्याला वेळ लागतो, म्हणून शब्द कमी करावे लागतात. शेक्सपिअरच्या तीन हजारांहून अधिक ओळींच्या जागी बोइतोने आठशेही ओळी लिहिल्या नाहीत. नाट्यसंहितेचा हा तीन चतुर्थांशाहून मोठा हिस्सा गेला, आणि तरी गोष्ट तुटलेली वाटत नाही. बोइतोची ही कात्री साहित्याच्या इतिहासात फार थोड्यांच्या हाती आली असेल.

पहिला अंक कापला, पण त्यातला गाभा त्याने फेकला नाही. ऑथेल्लोचे सिनेटसमोरचे भाषण, माझ्या संकटांच्या कथा ऐकून तिने माझ्यावर प्रेम केले आणि तिच्या कणवेवर मी भाळलो ही कबुली, बोइतोने उचलली आणि ऑपेराच्या पहिल्या अंकाच्या अखेरीस युगुलगीतात ठेवली. शेक्सपिअरचा ऑथेल्लो हे राज्यकर्त्यांपुढे, आरोपी म्हणून सांगतो. व्हर्दींचा ओतेल्लो तेच चांदण्यात, बायकोला जवळ घेऊन, आठवण म्हणून सांगतो, आणि अर्धी आठवण ती सांगते. चार चेलो दबक्या आवाजात या गाण्याला वाट करून देतात. शेवटी तो तिच्याकडे चुंबन मागतो, तीनदा. आणि वाद्यवृंदात एक चाल वर चढत जाते, जी पुढे दोनच वेळा ऐकू येणार आहे.

या बदलाने नाटकाचा तोल सरकतो. शेक्सपिअरच्या नाटकात या दोघांचे प्रेम आपण ऐकीव माहितीवर मानतो. दोघे एकटे असे रंगमंचावर फार थोडा वेळ दिसतात. व्हर्दी ते प्रेम कानांनी पटवून देतात. त्यामुळे पुढचा विध्वंस जास्त हळहळ लावतो. पण त्याच वेळी ओतेल्लो आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटतो. त्याच्या रंगाचा उल्लेख ऑपेरात येतो. दुसऱ्या अंकात चौघांच्या एकत्र गाण्यात तो स्वतःशी म्हणतो की माझे वय, माझ्या चेहऱ्यावरचा हा काळोख, हेच कारण असेल. पण ते येते आणि जाते. त्याच्याभोवती उभा असलेला, त्याला वापरून घेणारा, मनातून न स्वीकारणारा समाज रंगमंचावर नसतो. हे नुकसान खरे आहे आणि संगीत ते भरून काढत नाही.

आता वादळ. व्हर्दींनी ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्याआधीची वाद्यसंगीताची नांदी, लिहिलीच नाही. पहिल्याच क्षणी वाद्यवृंद कोसळतो. त्याच वेळी ऑर्गनवर शेजारशेजारचे तीन खोल सूर एकदम दाबून धरले जातात आणि वादळभर, म्हणजे शेकडो मात्रा, सोडले जात नाहीत. सूर म्हणून ते ओळखू येत नाहीत. ते बसल्या जागी खुर्चीतून जाणवतात, आणि थांबल्यावरच कळते की काहीतरी चालू होते. किनाऱ्यावर समूह ओरडतो आहे, जहाज दिसते, नाहीसे होते, पुन्हा दिसते. मग ओतेल्लो उतरतो आणि तुर्क समुद्रात बुडाल्याची विजयघोषणा करतो. अर्ध्या मिनिटाचे गाणे, तेही आवाजाच्या टोकाला. इतक्या थोड्या वेळात नायकाची उंची ठरवणारा दुसरा प्रवेश ऑपेराच्या साहित्यात सापडणे कठीण. शेक्सपिअरने हे काम साऱ्या पहिल्या अंकात केले होते. या उंचीवर ओतेल्लो पुन्हा कधीच जात नाही. इथून पुढे उतरणच आहे.

इयागोचे ‘क्रेदो’ शेक्सपिअरमध्ये नाही. एका क्रूर देवावर माझी श्रद्धा आहे, त्याने मला आपल्याच रूपात घडवले, मृत्यूनंतर काही नाही, असा त्याचा आशय. इंग्रज समीक्षकांनी यावर पुष्कळ आक्षेप घेतला. कोलरिजला इयागोत दिसलेली निष्कारण दुष्टता इथे तत्त्वज्ञान होऊन बसते, आणि ज्याचे कारण सापडत नाही त्या माणसाची भीती कमी होते, हा आक्षेप वाजवी आहे. पण नाटकात इयागो प्रेक्षकांशी सतत बोलतो, आपल्याला सामील करून घेतो. ऑपेरात तेवढी सवड नाही. एका स्वगतात तो उभा करायचा तर असाच करावा लागला असता. शिवाय बोइतो आणि व्हर्दी दोघांनीही त्याला खलनायकी थाटापासून वाचवायचा कसून प्रयत्न केला. नेपल्सचे चित्रकार दोमेनिको मोरेल्ली यांना लिहिलेल्या पत्रात व्हर्दींनी इयागो रंगवला तो उंच, किरकोळ अंगाचा, बारीक डोळ्यांचा, सगळ्याकडे दुर्लक्ष असल्यासारखा वागणारा. बोइतोने रंगसूचनांच्या पुस्तिकेत बजावले की तो तरुण आणि देखणा दिसला पाहिजे, मनमोकळा वाटला पाहिजे. त्याला सैतानासारखा रंगवणे ही ढोबळ चूक.

शेक्सपिअरच्या तिसऱ्या अंकातला भुलवणीचा प्रवेश नाटकाचा कणा आहे. साडेचारशेहून अधिक ओळी. सुरुवातीला ऑथेल्लोला बायकोवर विश्वास आहे आणि शेवटी तो तिच्या मृत्यूची शपथ घेतो, मध्ये रंगमंचावर घडलेले असे काहीही नाही. इयागो फक्त थांबतो, अडखळतो, समोरच्याचाच शब्द प्रश्नासारखा परत करतो. डेस्डिमोनाचा रुमाल पडतो आणि इयागोची बायको एमिलिया तो उचलते, बस. व्हर्दींनी याला ऑपेराच्या दुसऱ्या अंकात पसरवले, मध्ये डेस्डिमोनाला फुले देणाऱ्या बेटवासीयांचे समूहगीत घातले, मँडोलिन आणि मुलांच्या आवाजांसकट. इयागोचे संशय आणि बागेतली ती निरागस गाणी एकाच वेळी ऐकू येतात. कॅसिओने झोपेत डेस्डिमोनाचे नाव घेतल्याची थाप इयागो जवळजवळ कुजबुजत गातो; संगीत इतके मऊ की ती थाप आहे हे आपणही क्षणभर विसरतो. शेवटची शपथ मात्र जुन्या इटालियन पद्धतीची, दोन पुरुषी आवाज तारस्वरात एकत्र. प्रेक्षक इथे टाळ्या वाजवतात. नाटकात याच जागी दोघे गुडघे टेकतात आणि इयागो शांतपणे म्हणतो की मी कायमचा तुमचा आहे. त्या शांततेतली भीती या टाळ्यांत येत नाही.

ऑपेराच्या तिसऱ्या अंकावर दोघा कलावंतांचा झालेला वाद मुद्दाम सांगण्यासारखा आहे. व्हेनिसचे राजदूत आलेले असताना ओतेल्लो सगळ्यांसमोर डेस्डिमोनाला जमिनीवर लोटतो. (शेक्सपिअरमध्ये तो तिला मारतो.) व्हर्दींना वाटत होते की अंकाचा शेवट फिका पडतो. त्यांनी सुचवले, अचानक तुर्क चाल करून येऊ देत. तोफा, तुताऱ्या, आणि ओतेल्लो पुन्हा सिंहासारखा उठेल. बोइतोने आधी तसे लिहूनही दिले. मग ऑक्टोबर १८८० मध्ये त्याने लिहिले की, हा हल्ला म्हणजे गुदमरून मरायला टेकलेल्या दोन माणसांच्या खोलीची खिडकी ठोशाने फोडण्यासारखे आहे. एवढ्या कष्टाने कोंडलेली हवा एका क्षणात मोकळी होईल. व्हर्दींनी म्हणणे मान्य केले. आता तो अंक संपतो तो असा: बाहेर लोक व्हेनिसच्या सिंहाचा, म्हणजे ओतेल्लोचा, जयजयकार करीत आहेत, आत ओतेल्लो बेशुद्ध पडला आहे, आणि इयागो त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो की हा पाहा सिंह. कुठलेही नाटक करणाऱ्याने हा पत्रव्यवहार वाचावा. सत्तरीच्या घरात आलेला, जगात गाजलेला माणूस निम्म्या कीर्तीच्या, जवळजवळ तीस वर्षांनी लहान माणसाचे ऐकतो आणि त्यातच कामाचे भले होते.

चौथ्या अंकात दोन्ही कलाकृती एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात आणि तिथेच सर्वांत दूर जातात. नाटकात डेस्डिमोना झोपायची तयारी करते, एमिलिया तिच्या कपड्यांच्या टाचण्या काढते, आणि तिला आईकडच्या बार्बरा नावाच्या मोलकरणीची आठवण होते, जी प्रियकराने सोडल्यावर विलोचे गाणे म्हणत मेली. गाणे मध्येच थांबते. दारावर वारा वाजतो. १६२२ च्या पहिल्या छापील प्रतीत हे गाणे नाही, शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या मोठ्या संग्रहात आहे. भूमिका करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला असेल म्हणून कधीतरी गाळले असावे, असा एक तर्क आहे. गाण्यानंतर एमिलिया जे बोलते ते आजही चपापायला लावते. बायकांनाही नवऱ्यांसारखीच जीभ, नाक, वासना असतात. नवऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. डेस्डिमोना आणि तिच्यातल्या या गप्पा म्हणजे पुरुषांच्या या सबंध नाटकातला एकमेव निवांत कोपरा आहे. आणि शेवटी सत्य बाहेर काढते ती हीच बाई, नवऱ्याचा हुकूम मोडून. आणि त्याच्याच तलवारीने मरते.

बोइतोने गाणे ठेवले, वारा ठेवला, एमिलियाचे बोलणे कापले. ऑपेरात एमिलिया सत्य सांगते, पण तिला मरण येत नाही. इयागो पळून जातो आणि विषय संपतो. डेस्डिमोनाचीही पातळी बदलते. व्हर्दींनी एका पत्रात स्पष्टच लिहिले आहे की ती बाई नसून एक प्रतीक आहे, चांगुलपणाचे, सोशिकपणाचे, त्यागाचे. सिनेटसमोर बापाला तोंड देणारी मुलगी त्या वाक्यात मावत नाही, आणि ती पहिल्या अंकाबरोबरच कापली गेली होती.

पण संगीत. विलोच्या गाण्यात इंग्लिश हॉर्नचा एकटा सूर फिरत राहतो. गाणे संपले, एमिलियाला जायला सांगितले, आणि मग अचानक डेस्डिमोनाच्या तोंडून एक आक्रोश निघतो, एमिलियाचे नाव घेऊन निरोपाचा. पूर्ण ऑपेरात ती असे कधीच ओरडलेली नसते. त्यानंतर ‘आवे मारिया’ ही प्रार्थना, बोइतोची भर. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोने झोपलेल्या बायकोला तू प्रार्थना केलीस का असे विचारले आहे, त्या एका प्रश्नातून ही प्रार्थना उगवली. ती व्हायोलिनच्या सर्वांत वरच्या सुरावर विरून जाते. आणि मग बाकी सारी वाद्ये गप्प, फक्त डबल बासच्या रांगा, दबक्या, सर्वांत खोल सुरावर चालू लागतात. ओतेल्लो दारात उभा आहे. तो शब्दही न बोलता दिवा विझवतो, पलंगाकडे जातो, झोपलेल्या डेस्डिमोनाकडे बघत राहतो. पहिल्या अंकातली चुंबनाची चाल पहिल्यांदा इथे परत येते. शेवटी, सत्य कळून स्वतःला खंजीर मारल्यावर, ती पुन्हा येते आणि तिसऱ्या चुंबनाआधी तुटते. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोची शेवटची धडपड वेगळी आहे. तो आपल्याबद्दल काय लिहून पाठवावे हे व्हेनिसच्या माणसांना सांगतो. एका तुर्काला आपण कसे मारले ते सांगता सांगता तसेच स्वतःला भोसकतो. मरतानाही त्याला व्हेनिससमोर आपली बाजू मांडायची आहे. व्हर्दींच्या ओतेल्लोला फक्त बायको हवी आहे.

१८८७ ची ती रात्र विजयाची ठरली. तालीम बाहेरच्यांना बंद ठेवली होती, आणि न पटल्यास ऐन वेळी ऑपेरा मागे घ्यायचा हक्क व्हर्दींनी राखून ठेवला होता. फ्रांचेस्को तामान्यो ओतेल्लो, व्हिक्टर मोरेल इयागो, रोमिल्दा पांतालेओनी डेस्डिमोना, वाद्यवृंदापुढे फाच्चिओ. चेलो वाजवणाऱ्यांत आर्तुरो तोस्कानिनी नावाचा १९ वर्षांचा मुलगा बसला होता. प्रयोगानंतर लोकांनी व्हर्दींच्या गाडीचे घोडे सोडले आणि ती स्वतः ओढत हॉटेलपर्यंत नेली. १८९४ मध्ये पॅरिससाठी व्हर्दींनी त्यात नृत्य घातले, कारण तिथल्या ऑपेराचा तो रिवाज होता. आज ते क्वचितच सादर होते. बर्नार्ड शॉ यांचे मत असे की शेक्सपिअरचे नाटकच मुळी इटालियन ऑपेराच्या धाटणीचे आहे, म्हणून व्हर्दींना ते इतके सोपे गेले. खिडकीखालचा गोंगाट, शपथा आणि मूर्च्छा यांबाबत हे खरे आहे. सिनेटच्या प्रवेशाबाबत नाही.

गाळलेल्या व्हेनिसचा प्रश्न पुढच्या काळात दोन्ही रंगभूमींवर परत आला. आफ्रिकी वंशाचे अमेरिकन नट आयरा ऑल्ड्रिज १८३३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो झाले, तेव्हा काही वृत्तपत्रांनी त्यांच्या रंगावरून गरळ ओकली. पॉल रोबसन यांचा १९४३ चा ब्रॉडवेवरचा ऑथेल्लो २९६ प्रयोग चालला. ऑपेरागायकांनी मात्र चेहऱ्याला काळा रंग लावणे फार उशिरापर्यंत सोडले नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ते २०१५ मध्ये थांबवले.

मराठीत ‘ऑथेल्लो’ लवकर आला. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ साली निघाले. शेक्सपिअरच्या पहिल्या मराठी भाषांतरांत त्याचे नाव घेतात. १८९० मध्ये, म्हणजे मिलानच्या त्या रात्रीनंतर तीनच वर्षांनी, गोविंद बल्लाळ देवलांनी ‘झुंजारराव’ लिहिले. डेस्डिमोना झाली कमळजा. गणपतराव जोशींचा झुंजारराव मराठी रंगभूमीवर गाजला. देवल हे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमीत तयार झालेले, ‘मृच्छकटिक’ आणि पुढे ‘शारदा’सारखी संगीत नाटके लिहिणारे. पदे रचणे त्यांच्या हातचा मळ होता. तरी ‘झुंजारराव’ त्यांनी गद्य ठेवले. संशयाचा विषय मात्र त्यांना सुटला नाही. १८९३ च्या ‘फाल्गुनराव’मध्ये एका तसबिरीवरून नवरा-बायको एकमेकांवर संशय घेतात, तसबीर इथे रुमालाचे काम करते, पण हशा पिकवायला. हेच नाटक पदे घालून १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून गंधर्व नाटक मंडळीने रंगवले आणि ते आजही होते. देवलांनी संशयाला गाणे दिले ते प्रहसनात. शोकात्मिकेत त्यांनी शब्दच पुरेसे मानले. झुंजाररावाला गायला न लावता देवलांनी व्हर्दींच्या अगदी उलट वाट धरली, आणि संशय ज्या संथ गतीने शब्दांतून चढतो ते पाहता त्यांचा निर्णय बरोबर होता.

ज्या वाचकाला दोन्ही कलाकृती कधीच भेटल्या नाहीत त्याने चौथ्या अंकापासून सुरुवात करावी. वि. वा. शिरवाडकरांचा ‘ऑथेल्लो’ ग्रंथालयात मिळेल. त्यातला विलोच्या गाण्याचा प्रवेश एमिलियाच्या बोलण्यासकट वाचावा आणि मग व्हर्दींचा चौथा अंक, जेमतेम अर्ध्या तासाचा, डबल बास चुकू न देता ऐकावा. फ्रांको झेफिरेल्ली यांच्या १९८६ च्या चित्रपटावर मात्र त्यासाठी विसंबू नये. प्लासिदो दोमिंगो त्यात उत्तम आहेत, पण विलोचे गाणे कापलेले आहे.